मिनिटाला शंभर ठोके

आमच्या घरात दुसरी तार ही उधळपट्टी समजली जायची. वडील रेल्वेच्या तारघरात होते आणि त्यांच्या मते विजेला जायला एक तार पुरते, परत यायला जमीन आहेच. तारेचा सगळा कारभार तेव्हा तसाच चालायचा. खांबांवरून एकच तार जायची, दोन्ही टोकांना एकेक लोखंडी सळई जमिनीत खोल पुरलेली असायची, आणि वीज परतीचा प्रवास मातीतून करायची. "अख्खं कलकत्ता एका तारेवर बोलते," ते म्हणायचे, "आन् तुले साठ हातासाठी दोन तारा पाहिजे?"

मी त्यांचं ऐकलं आणि त्यापायी जवळजवळ दोनशे जीव मारले. कोंबडीचेच होते, पण जीव होते. आजही कोणी मला म्हणालं की बायकांना यातलं काय कळतं, तर मी सांगते की बाबा रे, एवढी मोठी चूक करायला आधी हात काळे करावे लागतात, तू केलेस का कधी? बहुतेक जण मग विषय बदलतात.

ऐंशीच्या पुढेमागे कधीतरीचा तो उन्हाळा. मी तेवीस वर्षांची होते आणि नागपुरातल्या एका कॉलेजात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. मुलांनी जाळून ठेवलेली मीटरं पुसायची, तारा गुंडाळायच्या, कपाटांच्या किल्ल्या सांभाळायच्या. ती मीटरं दुरुस्त करायला मला कोणी शिकवलं नव्हतं, मी उघडून बघून शिकले. पहिल्या पगारात मनगटी घड्याळ घेतलं आणि दुसऱ्या पगारात सोल्डरिंग आयर्न. आई म्हणाली, लोकांच्या पोरी कानातले घेतात. मी म्हणाले, लोकांच्या पोरींना विचार त्यांचा रेडिओ कोण दुरुस्त करतं.

हा हेकटपणा वडिलांकडूनच आलेला. ते रेल्वेत खलाशी म्हणून लागले होते. खांब रंगवायचे, तार ओढायची, आणि दुपारी तारघराच्या पायरीवर भाकर खाता खाता आतला कट्ट-कट्ट ऐकायचे. ऐकून ऐकून त्यांना ती भाषा यायला लागली. कोणी शिकवली नाही, उलट हसले. त्यांनी परीक्षा दिली आणि त्याच तारघरात खुर्चीवर जाऊन बसले. एकदा एका साहेबानं त्यांना एका तारेवरची वेळ मागची टाकायला सांगितली. त्यांनी नाही म्हटलं आणि वर्षभर आडगावच्या ठेसनावर बदली भोगली. "आला तसा निरोप द्याचा. आपलं काही घालाचं नाई, आपलं काही काढाचं नाई," हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलं होतं की मला त्याचा कंटाळा आला होता.

त्या वर्षी होळीच्या आठ दिवस आधी माझी मावशी, आईची धाकटी बहीण, एका पिशवीनिशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा कन्हानच्या पुढे एका खाणीवर कामाला होता आणि हात उचलायचा. या खेपेला त्यानं चुलीतलं लाकूड उचललं होतं. आईनं तिच्या पाठीला खोबरेल लावलं, तेव्हा मी पाहिलं. मावशी रडली नाही. "मी आता जात नाई," एवढंच म्हणाली.

आणि इथे माझे वडील, छप्पनच्या दीक्षेत तरुण असलेले, कोणापुढे वाकायचं नाही हे मला ओरडून ओरडून शिकवलेले माझे वडील, मान खाली घालून म्हणाले, "पोरीचं लगन व्हाचं आहे. घरात नवरा सोडून आलेली बसली तं कोन सोयरीक करन?"

पोरगी म्हणजे मी. ज्या सासरच्या माणसांचा अजून पत्ताही नव्हता, त्यांच्या मर्जीसाठी मावशीनं मार खायला परत जायचं, आणि त्यासाठी माझं नाव पुढे करायचं! माझ्या डोक्यातच गेलं ते. मी म्हणाले, असं असेल तर मला लग्नच करायचं नाही. वडील म्हणाले, तू गप बस. मी गप बसले नाही. दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज जास्त आणि माणसांचा कमी होता. शेवटी त्यांनी निकाल दिला.

"मिरगापर्यंत राहू दे. तोवर पोटापुरतं काही उभं केलं तं राहीन इथंच. नाई तं मी स्वतः निरोप धाडतो का घेऊन जा."

मिरग म्हणजे जूनचा पहिला आठवडा. तीन महिनेसुद्धा नव्हते.

मावशीला कोंबड्यांतलं कळायचं. धंदा बंद करणाऱ्या कोणाकडून तरी तिनं दोनशे अंड्यांची उबवणीची पेटी मिळवली. दुहेरी फळ्यांची लाकडी पेटी, आत दोन बल्ब. फळ्यांच्या मधल्या पोकळीत भरायला आम्ही लकडगंजच्या आरा गिरणीतून दोन पोती भुसा आणला. पिल्लं घ्यायला बुटीबोरीकडचा एक पोल्ट्रीवाला तयार झाला. वडिलांनी पेटी घरात येऊ दिली नाही. आमच्या लांबोळक्या प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला एक कौलारू खोली पडून होती, घरापासून साठेक हातांवर. पेटी तिथे गेली.

कोंबडीच्या अंड्याला एकवीस दिवस शंभर डिग्री ऊब लागते, तापाच्या थर्मामीटरमधली शंभर. एकशेतीन-चारवर तास-दोन तास गेले की आतला जीव संपतो. इतर ठिकाणी माणसं ऊब द्यायला धडपडतात, नागपूरच्या उन्हाळ्यात ती आवरायला धडपडावं लागतं. दुपारी बल्ब बंद असले तरी पेटी आपली आपण चढायची. मग खिडकीतल्या वाळ्याच्या ताटीवर पाणी मारायचं, पेटीची झडप उघडायची, आणि उतरली की पुन्हा लावायची. त्या खोलीत दुपारभर माणूस बसू शकत नव्हतं. म्हणजे कधी धावायचं ते घरात बसून कळायला हवं होतं.

मावशीची रीत वेगळी होती. ती अंडं उचलून मिटल्या पापणीवर टेकवायची. "डोळ्याचं कातडं लबाडी नाई करत," म्हणायची. पण त्यासाठीही खोलीत जावं लागायचंच. पहिल्या खेपेला पेटीतलं काचेचं थर्मामीटर अंडी फिरवताना फुटलं, एका दुपारी ती नळावर पाण्याच्या रांगेत अडकली, आणि एकविसाव्या दिवशी जेमतेम आठ पिल्लं बाहेर आली.

तेव्हा मी बाह्या वर केल्या.

थर्मिस्टर नावाचा एक मसुराएवढा मणी मिळतो. तो तापला की वीज सहज जाऊ देतो, थंड झाला की अडवतो. सीताबर्डीच्या एका रेडिओच्या दुकानातून मी तो आणला. दुकानदार म्हणाला, "ताई, भाऊले पाठवा, त्याले समजन." मी म्हणाले, भाऊ नाही, आणि असता तर त्याला मी समजावलं असतं. मणी पेटीत, मीटर घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर. दुपारी सगळ्या शहराचे कूलर चालू झाले की आमच्याकडचे बल्ब विस्तवासारखे लाल व्हायचे, त्यामुळे घरच्या विजेवर भरवसा नव्हता. मी सेल वापरले. तार मात्र एकच ओढली. परतीसाठी वडिलांनी स्वतः दोन सळया पुरून दिल्या, खड्ड्यात मीठ आणि कोळसा घालून, अगदी खात्याच्या पद्धतीनं. आणि रोज सकाळी ते दोन्ही सळयांना बादली-बादली पाणी घालायचे. उन्हाळ्यात तारघरात तसंच करतात. "अर्थ तहानली नाई पाहिजे," म्हणायचे; अर्थ म्हणजे जमीन, तारघरातला इंग्रजी शब्द. देवाला पाणी न घालणारा माणूस सळईला घालायचा, म्हणून आई हसायची.

मीटरवर खुणा करण्यासाठी मी प्रयोगशाळेचं थर्मामीटर दोन दिवस मागून आणलं. आमच्या प्रमुख सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अंडी उबवायला कोंबडी असते ना? मग मीटर कशाला?" सगळे हसले. मी थर्मामीटर पिशवीत टाकलं आणि निघाले.

खुणा बरोबर बसल्या. काटा शंभरावर, थर्मामीटर शंभरावर. माझी मान इतकी ताठ झाली की विचारू नका. मावशी सवयीनं अंडं डोळ्याकडे न्यायला लागली, तर मी तिचा हात धरला.

"मावशी, पापणीनं काय डिग्री समजते? हा मीटर आहे. हा पाह्य."

ती ओशाळली आणि अंडं खाली ठेवलं. त्या दिवसापासून तिनं अंडं डोळ्याला लावणं सोडलं. हे मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही.

दुसऱ्या खेपेच्या चौथ्या दिवशी वडिलांना नऊ दिवसांसाठी दुसऱ्या स्टेशनावर बदलीचं काम लागलं. ते गेले. सळयांना पाणी घालायचं कोणाच्या ध्यानातही आलं नाही. आमच्याकडची काळी माती एप्रिलमध्ये तापली की भेगाळते, भेगेत पंजा जाईल इतकी. ऊन चढत होतं आणि माझ्या मीटरचा काटा नव्व्याण्णववर शहाण्यासारखा बसून होता. मावशी दर तासाला मला विचारायची, "ठीक आहे ना वं?" मी कॉलेजात असले की आईला विचारायची. मी येताजाता सांगायची, एकदम ठीक.

चौदाव्या दिवशी मावशीनं अंडी तपासली. खोली अंधारी करून, भोक पाडलेल्या डब्यात बल्ब लावून त्यासमोर अंडं धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसतं आणि मध्ये काहीतरी हलतं. त्या दिवशी काही हललं नाही. काळा डाग, आणि भोवती एक कडं. तिनं दहा पाहिली, वीस पाहिली, मग सगळीच्या सगळी पाहिली. मी दारात उभी होते. शेवटचं अंडं ठेवून ती उठली, कुदळ घेतली आणि खोलीमागे खड्डा खणायला लागली. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

वडील परत आले, सगळं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशीच्या नवऱ्याला कार्ड टाकलं. मिरगाच्या आधीच्या आठवड्यात येऊन घेऊन जा. मी त्यांच्याशी बोलणं बंद केलं. त्यांनीही फार मनावर घेतलं असं दाखवलं नाही.

मीटर उतरवायला मी त्या दुपारी खुर्चीवर चढले होते. पेटी बंद, रिकामी. काटा पंचाण्णवच्या आसपास होता. मी स्क्रू सोडवत असताना तो डोळ्यांदेखत उठला आणि एकशेएकवर गेला. बंद पेटी अशी अचानक तापते कशी? मी धावत मागे गेले. मावशी अंड्यांचे ट्रे धूत होती, सळईच्या अगदी शेजारी. पाणी भेगांत घटाघटा उतरत होतं.

"मावशी, अजून एक बादली ओत!"

"काहून?"

"ओत तं!"

तिनं ओतली. मी घरात धावले. काटा एकशेतीन.

मी तिथेच जमिनीवर बसले. वीज मातीतून परत येत होती, आणि माती जितकी कोरडी तितकी ती विजेला अडवत होती. मीटरला वाटत होतं की मणीच अडवतोय, म्हणजे मणी थंड आहे. ऊन वाढलं की माती सुकायची, माती सुकली की काटा खाली यायचा. जितकी आग बाहेर, तितका माझा मीटर गार. वडिलांच्या रोजच्या बादलीनं ती चूक झाकून ठेवली होती आणि मी मीटरवर खुणा केल्या त्याही ओल्या मातीवरच. नऊ दिवस बादली गेली नाही आणि आम्ही अंडी शिजवत बसलो.

मी मावशीला जाऊन सरळ सांगितलं. "तुयी अंडी मी मारली."

तिनं हातातला ट्रे पुसून उन्हात ठेवला. मग म्हणाली, "मले दोनदा वाटलं होतं, डोळ्याले लावून पाहावं. तू हसशीन म्हून नाई लावलं." आणि दुसरा ट्रे उचलत, "अंडी मी आनते अजून. तू तुयी तार सुधार. मी काई जात नाई तिकडं."

कार्ड गेलेलं होतं. माणसं येणार होती. एकवीस दिवस पुरे होतील की नाही हेही धड सांगता येत नव्हतं. तरी ती ओळखीच्या बायांकडून टोपलीभर टोपलीभर अंडी मागून आणायला लागली, भर उन्हात, डोक्यावर ओला फडका बांधून.

मी सरांना विचारलं. सर म्हणाले, सरळ दोन तारा टाक, आवरणाची चांगली केबल मुंबईहून मागव, आणि हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं. खरं होतं ते. पण केबल यायला महिना, साधी दुसरी तार म्हणजे घरात पुन्हा उधळपट्टीचा वाद, आणि माझ्या डोक्यात एक वेगळाच किडा वळवळत होता. जमीन जर इतकी लहरी आहे, तर अख्खं कलकत्ता कसं बोलतं? शेवटी मी अबोला मोडला. वडील दाढी करत होते.

"तारघरात माती सुकली का निरोप चुकते?"

"नाई."

"काहून नाई?"

त्यांनी वस्तरा थांबवला. "वीज किती आली हे आमी कुठं पाह्यतो? आली का नाई आली, येवढंच पाह्यतो. थोडी आली तरी खटका वाजतेच."

मी त्यांच्या साबण लावलेल्या तोंडाकडे बघत राहिले. नंतर मला स्वतःचाच राग आला, हे मला आधीच का सुचलं नाही म्हणून.

तार चुकली नव्हती, तारेवर काय पाठवायचं ते चुकलं होतं. मी साठ हातांवरून विजेचं माप मागवत होते, आणि वाटेत जमीन त्यात आपला हात मारत होती. मग मापाचे ठोके तिथेच, पेटीपाशीच करून का पाठवू नयेत? आठ पायांची एक चिप मिळायची, तिला तो मणी जोडला की मणी जितका गरम तितक्या भरभर ती ठोके देते. शंभर डिग्रीला मिनिटाला बरोबर शंभर ठोके पडतील असं मी ते बसवलं. एक डिग्री चढली की दोन ठोके वाढायचे. चार टॉर्चच्या सेलवर चालायचं, आणि सेल उतरत आले तरी ठोक्यांची चाल बदलायची नाही. त्या डबीला मी ऐटीत कन्व्हर्टर म्हणायची. आई त्याला 'ते टिकटिकं' म्हणायची.

घरात स्कूटरच्या जुन्या बॅटरीवर चालणारा, तारेवरून ठोका आला की तारघरातल्यासारखा वाजणारा खटका बसवला. आवाज बारीक येत होता. वडील लांबून बघत होते, ते उठले आणि तंबाखूचा रिकामा डबा आणून त्यांनी खटक्यामागे अडकवला. तारघरात तसंच करतात. कट्ट, कट्ट, कट्ट. घरभर ऐकू जायला लागलं. या वेळी मी पहिल्यांदा मावशीला बोलावलं आणि अंडं तिच्या हातात दिलं.

"लाव डोळ्याले. तुया हिशेबानं बरोबर असन तं मंग माया."

तिनं पापणीला लावलं, दुसरं लावलं. "जराशी कमी आहे." मी घड्याळ लावून मोजले. अठ्ठ्याण्णव. त्यानंतर आम्ही दोघी रोज एकमेकींची परीक्षा घ्यायचो आणि ती माझ्यापेक्षा जास्त वेळा बरोबर असायची.

पण खरी गंमत वडिलांची. मला घड्याळ धरून मिनिटभर मोजावं लागायचं. ते भाजी निवडता निवडता नुसतं ऐकून सांगायचे, "एकशेचार." मी मोजावं तर एकशेचारच. जेवताना हात थांबायचा, "चढून राहिलं वं," आणि मावशी बादली घेऊन पळायची. आयुष्यभर ठोके ऐकलेला कान होता तो. मी सळयांना पाणी घालायचं मुद्दाम बंद करून पाहिलं, माती भेगाळली, ठोके तसेच. मी वडिलांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मी सांगतलं होतं ना, एक तार पुरे होते." मी कपाळाला हात लावला.

कार्ड मात्र त्यांनी परत फिरवलं नाही. मी दोनदा विषय काढला. "शब्द गेला आहे," म्हणाले.

तिसऱ्या खेपेच्या विसाव्या दिवशी दुपारी ते आले. मावशीचा नवरा आणि त्याचा मोठा भाऊ. पांढरे कपडे, पायांवर धूळ. आईनं पाणी दिलं. ओसरीवर खाट टाकली होती, तिच्यावर ते बसले, वडील समोर स्टुलावर. वडिलांच्या सांगण्यावरून आईनं सकाळीच मावशीची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. आत भिंतीवर खटका वाजत होता. कट्ट, कट्ट.

मोठा भाऊ बोलला. झालं गेलं विसरा, नवरा-बायकोत चालायचंच, आता तो पीत नाही. नवऱ्यानं एकदा पिशवीकडे पाहिलं, मग मावशीकडे. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे हात ओले होते, नुकतंच तिनं ताटीवर पाणी मारलं होतं.

"चाल," नवरा म्हणाला. "उचल सामान. बस निघून जाईन."

मावशी हलली नाही. तिनं ओल्या हातांनी चौकट घट्ट धरली. मी पुढे होणार, एवढ्यात वडिलांनी बोट वर केलं.

"थांबा."

वडिलांनी मान तिरकी केली, ऐकलं.

"एकशेसहा," ते म्हणाले. "चढून राहिलं. जा वं, पाह्य लवकर."

मी घड्याळात बघत होते. मला सवयच लागली होती ती. मिनिट पुरं झालं, मी मोजलेले ठोके शंभर होते. मला वाटलं माझं चुकलं. मी पुन्हा मोजायला लागले.

मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. "मले काम आहे," ती म्हणाली, आणि बादली उचलून मागच्या खोलीकडे चालायला लागली. आत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसरं मिनिट पुरं झालं. शंभर.

"किती वेळ लागन?" मोठ्या भावानं विचारलं.

"मशीनचं काय सांगता येते," वडील म्हणाले. "एकशेआठ झालं आता."

पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. वडील मधूनमधून आकडा सांगत होते, एकशेसात, एकशेनऊ, पुन्हा एकशेसात, आवाजात जराही फरक नाही, तारघरात बसून सांगावं तसं. आई त्यांच्याकडे टक लावून बघत होती. नवरा उठला आणि खोलीकडे निघाला. वडीलही उठले आणि त्याच्या आडवे उभे राहिले. ते काही दांडगे नव्हते, नवरा त्यांच्या दीडपट होता.

"तिकडं नाई जाचं. दार उघडलं तं हवा लागते. उद्या पिल्लं निघाची आहे."

"मंग परवा येतो."

"परवा दुसरी अंडी लावाची आहे. एकवीस दिवस."

"तुमीच तं कार्ड टाकलं होतं!"

"टाकलं होतं," वडील म्हणाले. "पोचलं ना बराबर? आता हा दुसरा निरोप घेऊन जा. तिले काम आहे."

नवऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो पुष्कळ बोलला, मला, आईला, सगळ्या घराला. शेजारची माणसं ओट्यांवर येऊन उभी राहिली, तसा मोठा भाऊ त्याला ओढत घेऊन गेला. वडील रस्त्याच्या वळणापर्यंत त्यांच्याकडे बघत उभे होते. मग आत येऊन त्यांनी पिशवी उचलली आणि फळीवर ठेवली.

मी मागच्या खोलीत गेले. ताटी ओली होती, झडप बंद होती. मावशी पेटीपाशी खाली बसली होती, मिटल्या डोळ्यावर अंडं धरून.

"शंभरच आहे वं," ती म्हणाली. "मी आली तवाही शंभरच होतं."

मग तिनं ते अंडं माझ्या कानाला लावलं. आतून कोणीतरी टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत दीडशेच्या वर पिल्लं निघाली आणि बुटीबोरीकडचा माणूस टोपल्या घेऊन गेला. मावशी पुढे सव्वीस वर्षं आमच्याकडेच राहिली. माझ्या सोयरिकीला त्यामुळे किती अडथळा आला हे मला ठाऊक नाही, मी विचारलंही नाही.

पण ती माणसं गेली त्या संध्याकाळी वडील जेवायला बसले होते. खटका वाजत होता. मी त्यांच्या ताटात भाकर वाढली आणि विचारलं, "दुपारी शंभरच होते ना?"

"एकशेसहा होते," ते म्हणाले.

"मी घड्याळ लावून मोजले. दोनदा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तं मंग घड्याळ दुरुस्तीले टाक."